तीच वीस मिनिटं

ब्यूरेटची, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडायच्या मोजनळीची, पातळी ८.० वर आली आणि फ्लास्कमधला गुलाबी रंग टिकला. आमच्या पद्धतीत ब्यूरेटच्या आकड्याला दहाने गुणलं की थेट रूपांतरणाची टक्केवारी मिळायची. म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या द्रावणातलं ८० टक्के कॉस्टिक अभिक्रियेत संपलेलं होतं. गणिताने ७२ सांगितले होते. आम्ही तिघींनी तो आकडा वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि त्या दिवशी लवकर घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी वही पाहिली. ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "कमी आलं असतं तर मी समजू शकले असते. जास्त कसं येईल? सांगा मला."

आम्हाला सांगता येईना. पुढचे तीन आठवडे त्या एका प्रश्नामागे गेले. रिअ‍ॅक्टर डिझाइन म्हणून, म्हणजे रासायनिक क्रिया ज्या भांड्यात घडवायची ते कसं आखायचं याबद्दल, मला आज जे काही कळतं, त्यातलं बरंचसं त्या तीन आठवड्यांत कळलेलं आहे.

खानदेशातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकलचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टचा विषय कागदावर अगदी साधा होता: एकच अभिक्रिया घ्यायची, ती वेगवेगळ्या रिअ‍ॅक्टरमध्ये चालवायची आणि प्रत्येकात रूपांतरण किती होतं ते मोजायचं. अभिक्रियाही पुस्तकातली नेहमीची, इथिल अ‍ॅसिटेट आणि कॉस्टिक सोडा. दोन्ही पाण्यात विरघळवून एकत्र केले की सोडियम अ‍ॅसिटेट आणि इथेनॉल तयार होतं. तेल आणि कॉस्टिकपासून साबण होतो त्याच जातीची ही क्रिया, म्हणून तिलाही सॅपोनिफिकेशनच म्हणतात. आमची द्रावणं दोन्ही ०.१ मोलरची (मोलर हे तीव्रतेचं माप). समान भाग मिसळले की प्रत्येकाची तीव्रता निम्मी होते, ०.०५ मोलर.

ही क्रिया निवडण्यामागे कारण होतं. तिचा वेग दोन्ही घटकांच्या तीव्रतेच्या गुणाकारावर ठरतो. दोन्ही निम्मे उरले की वेग पाव होतो. दोन्ही दहा टक्के उरले की वेग सुरुवातीच्या शंभराव्या हिश्शावर येतो. गावची जत्रा भरलेली असते तेव्हा ओळखीचं माणूस पावलापावलाला भेटतं. जत्रा उठत आली, माणसं पांगली, की एकमेकांना शोधत फिरावं लागतं. रेणूंचं तसंच होतं. रिअ‍ॅक्टरमधला शेवटचा टप्पा म्हणजे अशी उठलेली जत्रा.

आधी बॅच. एका बंद भांड्यात दोन्ही द्रावणं एकदम ओतायची, घड्याळ चालू करायचं, दर दोन मिनिटांनी नमुना काढायचा. ऐकायला सोपं आहे, पण पहिले दहा दिवस आमचे आकडे जुळतच नव्हते. सकाळी केलेला प्रयोग आणि दुपारी केलेला प्रयोग यांच्यात वेग-स्थिरांक, म्हणजे क्रिया मुळात किती जलद चालते ते सांगणारा आकडा, जवळजवळ दुपटीने वेगळा यायचा. आधी द्रावणांवर संशय घेतला. कॉस्टिक उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि कमकुवत होतं. इथिल अ‍ॅसिटेट उडून जातं. म्हणून कॉस्टिक रोज ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने स्टँडर्डाइज करायला, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासायला लागलो, इथिल अ‍ॅसिटेटचं द्रावण रोज सकाळी ताजं करायला लागलो. तरी फरक तसाच.

कारण समोरच भिंतीवर टांगलेलं होतं. मार्चअखेरचे दिवस, सकाळी आठला लॅबमध्ये २७ अंश, दुपारी तीनला ३८. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे क्रिया घडायला रेणूंना लागणारी ऊर्जा, सुमारे ४७ किलोजूल प्रति मोल आहे. अकरा अंशांच्या फरकाने वेग जवळपास दुप्पट होतो, हे अर्‍हेनियसच्या तापमान आणि वेग यांचं नातं सांगणाऱ्या समीकरणात आकडे घातले की पाच ओळींत दिसतं. ते समीकरण आम्ही परीक्षेत कितीदा तरी सोडवलं होतं. पण खानदेशातल्या दुपारी आपण ते स्वतः अनुभवतो आहोत हे लक्षात यायला दहा दिवस लागले.

मग सगळं ३० अंशांवर धरायचं ठरलं. अडचण अशी की लॅबमधला वॉटर बाथ तापवतो, गार करत नाही, आणि बाहेर चाळिशी गाठायला आलेली. त्यावर तोडगा लॅबमधल्या आबांनी काढला. आबा म्हणजे आमचे लॅब असिस्टंट, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. कँटीनमधून बर्फ आणायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाथमध्ये सोडायचा, थर्मामीटर बघत पिशवी वरखाली करायची. आमच्यापैकी एकीचं दिवसभराचं काम तेवढंच असायचं. शिवाय सकाळी साडेसहाला लॅब उघडायची, म्हणजे नऊपर्यंत निम्मं काम उरकायचं. चावी आबांकडे. ते रोज आमच्या आधी हजर असायचे.

३० अंशांवर आलेख सरळ आला. वेळेसमोर तीव्रतेचा व्यस्त मांडला की या क्रियेत सरळ रेषा मिळायला हवी. चौथ्या दिवशी आमचे सगळे ठिपके पट्टीला चिकटून बसले. उतारावरून वेग-स्थिरांक काढला: ९ लिटर प्रति मोल प्रति मिनिट. २५ अंशांना हाच स्थिरांक साधारण ६.६ असतो, म्हणजे आमचा आकडा योग्य जागी होता. इतका आनंद मला नंतर कोणत्याच आकड्याचा झाला नाही.

त्या आकड्यावरून बॅचचं वेळापत्रक मांडलं. ८० टक्के रूपांतरणाला ९ मिनिटं. ९० टक्क्यांना २०. ९५ ला ४२. आणि ९९ टक्क्यांना ३ तास ४० मिनिटं. पहिले नव्वद टक्के वीस मिनिटांत, पुढच्या नवांसाठी तीन तासांहून जास्त. हे कोष्टक मी जाड कागदावर लिहून लॅबच्या कपाटाला चिकटवलं होतं. "कन्व्हर्जन किती पाहिजे?" हा कारखान्यात रोज विचारला जाणारा प्रश्न खरं तर पैशांचा असतो, आणि तो शेवटच्या पाच-दहा टक्क्यांवर येऊन अडतो, हे त्या कागदाकडे बघून मनात पक्कं बसलं. मॅडम सांगायच्या की अमोनिया तयार करताना रिअ‍ॅक्टरच्या एका फेरीत पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपासच रूपांतरण होतं. उरलेला वायू अमोनिया वेगळा काढून परत आत फिरवतात. थोड्यावर थांबून उरलेलं परत फिरवणं हासुद्धा डिझाइनचाच निर्णय असतो.

आता मुख्य भाग, सतत चालणारी टाकी. सीएसटीआर, म्हणजे कंटिन्युअस स्टर्ड टँक रिअ‍ॅक्टर. एका बाजूने द्रावण अखंड येतंय, दुसऱ्या बाजूने अखंड जातंय, आत स्टरर फिरतोय. आमची टाकी काचेची, दोन लिटरची, बाजूला ओव्हरफ्लोची नळी काढून घेतलेली. दोन्ही द्रावणं उंचावरच्या कॅनमधून यायची, टाकीच्या तोंडाशी वाय जोडणीत एकत्र व्हायची आणि एकाच नळीतून आत पडायची. एकूण प्रवाह मिनिटाला १०० मिलिलिटर. दोन लिटर भागिले शंभर मिलिलिटर, म्हणजे सरासरी मुक्काम २० मिनिटं.

बॅचमध्ये वीस मिनिटांत ९० टक्के होतात. मग टाकीत वीस मिनिटं राहिलेल्या द्रावणाचे ९० का होऊ नयेत? माझ्या वर्गमित्रांपैकी कितीतरी जणांना हे शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि मलाही ते फळ्यावर कधी उमगलं नव्हतं. टाकी नीट ढवळली जात असेल तर आत सगळीकडे एकच तीव्रता असते, आणि ती बाहेर पडणाऱ्या द्रावणाचीच असते. ताजं, जोरदार द्रावण आत पडल्या पडल्या त्या पातळ झालेल्या द्रावणात हरवून जातं. बॅचला सुरुवातीची वेगवान मिनिटं मिळतात. टाकीला ती कधीच मिळत नाहीत. ती कायम शेवटच्या, मंद वेगानेच चालते. आमच्या आकड्यांनी समीकरण सोडवलं तर रूपांतरण ७२ टक्के येतं, आणि तिथे क्रियेचा वेग सुरुवातीच्या जेमतेम ८ टक्के उरलेला असतो. म्हणून ७२. नव्वद नाहीच.

आणि आमच्या ब्यूरेटने ८० दाखवले होते.

मॅडमच्या प्रश्नावर आम्ही दोन दिवस प्रवाह तपासला. मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन दर पाच मिनिटांनी दोन्ही नळ्या मोजल्या. प्रवाह बरोबर. तापमान बरोबर. द्रावणं बरोबर. तिसऱ्या दिवशी माझ्या जोडीदारणीने नमुन्याची बाटली हातात घेऊन कॉरिडॉर ओलांडला आणि मधेच थांबली. टायट्रेशनचं, म्हणजे ब्यूरेटने मोजणी करायचं, टेबल पलीकडच्या खोलीत होतं. नमुना काढायचा, बाटलीवर चिठ्ठी लावायची, तिकडे न्यायचा, पिपेटने घ्यायचा. पाच मिनिटं सहज जायची. ती पाच मिनिटं बाटलीत अभिक्रिया चालूच होती! आणि बाटली म्हणजे छोटी बॅच. टाकीपेक्षा तिथे रूपांतरण वेगाने पुढे सरकत होतं.

दुसऱ्या दिवसापासून फ्लास्क टाकीशेजारी मांडले. प्रत्येकात आधीच १० मिलिलिटर, ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. ओव्हरफ्लोच्या तोंडाशी पिपेट धरून १० मिलिलिटर नमुना घ्यायचा आणि लगेच त्यात सोडायचा. उरलेलं कॉस्टिक आम्लात त्याच क्षणी मरतं, क्रिया तिथेच थांबते. मग शिल्लक आम्ल ०.०५ मोलर कॉस्टिकने फिनॉल्फ्थॅलिन घालून सावकाश मोजायचं. ब्यूरेटवर ७.२ आलं तर रूपांतरण ७२.

आलं ६.३.

पाच वेळा केलं. ६.३, ६.२, ६.३, ६.४, ६.३. टाकी सुरू करून दोन तास झाले होते, म्हणजे मुक्कामाच्या सहापट वेळ उलटलेला, स्थिती स्थिरावलेली. आता गणितापेक्षा नऊ टक्के कमी. मॅडम या वेळी खूश दिसल्या. म्हणाल्या, "आता खरा आकडा आहे. आता टाकी काय करतेय ते शोधा."

द्रावण टाकीत वीस मिनिटं राहतं असं आपण म्हणतो, पण ती सरासरी असते. एखादा थेंब आल्याबरोबर निघून जातो, दुसरा तासभर फिरत राहतो. कोण किती वेळ राहिलं याची वाटणी कशी मोजायची, याची नीट मांडणी पीटर डँकवर्ट्‌स यांनी १९५३ मध्ये एका शोधनिबंधात केली. डँकवर्ट्‌स हे केंब्रिजचे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेले न फुटलेले सुरुंग निकामी केल्याबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळालेला होता. आमच्यासाठी त्यांचं नाव जवळचं व्हायचं आणखी एक कारण आहे. प्राध्यापक एम. एम. शर्मा यांनी केंब्रिजला त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली आणि १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागात, प्राध्यापक म्हणून आले. महाराष्ट्रात केमिकल शिकलेल्या कोणालाही विचारा, त्याच्या शिक्षकांच्या साखळीत कुठेतरी माटुंगा सापडतोच. आमच्या मॅडमही तिथल्याच. त्यांनी हा धडा शिकवताना कधी वही उघडलेली मी पाहिली नाही.

पद्धत अशी: टाकीतून साधं पाणी त्याच प्रवाहाने सोडायचं, एका क्षणी आत मिठाचं थोडं घट्ट द्रावण सिरिंजने मारायचं आणि ओव्हरफ्लोपाशी कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाणी वीज किती वाहून नेतं ते, मोजत राहायचं. आदर्श टाकीत वक्र पहिल्या क्षणालाच सर्वांत उंच असतो आणि मग संथपणे उतरत जातो. पहिल्या मिनिटात साधारण ५ टक्के मीठ बाहेर पडतं. वीस मिनिटांनी ३७ टक्के अजून आत असतं.

आम्ही मीटर जोडत होतो तेव्हा आबा शेजारी उभे होते. म्हणाले, "ताई, मिठाआधी शाई टाकून बघा. पाणी कुठून जातं ते डोळ्याला तरी दिसेल." आबांची केळीची बाग होती, आयुष्यभर पाटाचं पाणी फिरवलेला माणूस. "वाफ्याचं तोंड आणि मोडलेलं दार जवळ असलं, की पाणी वाफ्यात फिरतच नाही. तिथून तिथेच निघून जातं. टोकाचं झाड कोरडं."

शाई टाकली. आत येणारी नळी पाण्याच्या वरच संपत होती, ओव्हरफ्लोपासून चार बोटांवर. निळी धार पाण्यावर पडली, थोडी पसरली, स्टररने निर्माण केलेल्या भोवऱ्याच्या कडेने वळली आणि तिचा एक पातळ पट्टा सरळ ओव्हरफ्लोच्या तोंडात शिरला. उरलेली शाई खाली जाऊन टाकीभर मिसळली, पण तो पट्टा आम्ही तिघींनी आणि आबांनी स्पष्ट पाहिला. तीन सेकंदांचा खेळ होता. दोनदा परत केला, दोनदा तसंच.

मग मीठ. दर दहा सेकंदांनी एकीने वाचायचं, एकीने लिहायचं, तिसरीने घड्याळ. पहिल्या मिनिटात १८ ते १९ टक्के मीठ बाहेर. वक्राखालचं क्षेत्रफळ मोजून टाकलेल्या मिठाशी ताडून पाहिलं. मीठ सगळं हिशेबात होतं, म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हतं. आकडेमोड केली: येणाऱ्या प्रवाहातला सुमारे १५ टक्के हिस्सा टाकीत न थांबताच जातोय असं धरलं, आणि उरलेल्या ८५ टक्क्यांसाठी सीएसटीआरचं समीकरण सोडवलं, तर बाहेरचं रूपांतरण ६२.६ येतं. ब्यूरेट म्हणत होती ६३.

ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा आम्ही तिघी काही वेळ बोललोच नाही. एक आकडा आम्ल-कॉस्टिकच्या टायट्रेशनमधून आलेला, दुसरा निव्वळ मीठ-पाण्यातून, ज्यात अभिक्रियेचा संबंधच नाही. आणि दोघांनी टाकीबद्दल एकच गोष्ट सांगितली.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. काचेच्या नळीचा एक तुकडा आबांनी बर्नरवर कडा गोल करून दिला. तो आत येणाऱ्या नळीला जोडून थेट स्टररच्या पात्यांजवळ नेला. कारखान्यात यालाच डिप पाइप म्हणतात. भोवरा मोडण्यासाठी टाकीच्या आतल्या बाजूने स्टीलच्या चार उभ्या पट्ट्या बसवल्या, प्रत्येकीची रुंदी टाकीच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी. या पट्ट्यांना बॅफल म्हणतात. त्या नसल्या तर द्रावण स्टररबरोबर नुसतं गोल फिरतं, वरखाली मिसळत नाही. पुन्हा शाई टाकली. निळा ढग तळातून उठला आणि टाकी एकसारखी फिकट झाली. दुसऱ्या दिवशी ब्यूरेट: ७.१.

उरलेला एक टक्का मी वहीत तसाच ठेवला. त्याचं कारण शोधायला वेळ नव्हता.

एप्रिल निम्मा संपला होता. उरलेले दोन रिअ‍ॅक्टर झटपट उरकले. एक लिटरचे तीन प्लास्टिकचे डबे घेतले, प्रत्येकात ६६७ मिलिलिटर राहील अशा उंचीवर भोक पाडून नळी बसवली आणि पायऱ्यांसारखे एकाखाली एक ठेवले. एकूण आयतन तेच दोन लिटर, प्रवाह तोच, एकूण मुक्काम तीच वीस मिनिटं. फरक इतकाच, की पहिला डबा जोरदार द्रावणावर चालतो, दुसरा मध्यम, तिसराच काय तो मंद. गणित ८३ म्हणालं, आम्हाला ८२ मिळाले. डिप पाइप तिन्ही डब्यांना पहिल्याच दिवशी लावले होते.

मग नळी. पीएफआर (प्लग फ्लो रिअ‍ॅक्टर), म्हणजे लांबलचक नळीत द्रावण एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर, मागचं-पुढचं मिसळत नाही; जणू बॅचच चालत निघाली आहे. आरओ फिल्टरला लावतात ती पांढरी पाइप हार्डवेअरच्या दुकानातून आणली, आतला व्यास सव्वाचार मिलिमीटर. अर्ध्या लिटरसाठी ३५ मीटर लागली. बादलीवर वेटोळी करून ती बाथमध्ये बुडवली आणि प्रवाह मिनिटाला २५ मिलिलिटर ठेवला, म्हणजे पुन्हा वीस मिनिटं. आदर्श उत्तर ९०. आमचं आलं ८७. हा फरक मात्र समजण्यासारखा होता. इतक्या संथ प्रवाहात नळीच्या मधलं द्रावण सरासरीच्या दुप्पट वेगाने पुढे जातं आणि भिंतीजवळचं रेंगाळतं. मधलं लवकर बाहेर पडतं, त्याची क्रिया कमी होते. तो हिशेब मांडला तर उत्तर ८७ च्या जवळच येतं.

अहवालाच्या मधल्या पानावर मी एकच कोष्टक ठेवलं. तीच द्रावणं, तेच ३० अंश, तीच वीस मिनिटं. बॅच ९०. नळी ८७. तीन टाक्या ८२. एक टाकी ७१. आणि त्याखाली, मॅडमच्या आग्रहावरून, डिप पाइप नसलेली टाकी ६३. मला ती ओळ काढून टाकायची होती, चुकीचा प्रयोग वाटत होता. मॅडम म्हणाल्या, "प्रयोग चुकीचा नव्हता. टाकी तशी होती. कारखान्यात तुला अशाच टाक्या भेटणार आहेत."

मे महिन्यात तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक कोकणातल्या एका केमिकल कारखान्यात बरीच वर्षं काढलेले. कोष्टक बघून त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "हीच क्रिया, हाच मिनिटाला १०० मिलिलिटरचा प्रवाह. ९९ टक्के पाहिजे. नळी किती मोठी लागेल, टाकी किती मोठी?"

नळीचं तोंडी करता आलं. ३ तास ४० मिनिटं, म्हणजे २२० मिनिटं गुणिले १०० मिलिलिटर, २२ लिटर. टाकीसाठी फळ्यावर मांडलं: रूपांतरण भागिले उरलेल्या भागाचा वर्ग. ०.९९ भागिले ०.०००१, म्हणजे ९९००, भागिले ०.४५ (वेग-स्थिरांक ९ गुणिले सुरुवातीची तीव्रता ०.०५). मुक्काम २२,००० मिनिटं. पंधरा दिवसांहून जास्त. आयतन २,२०० लिटर. मी खडू हातात धरून आकडा दोनदा तपासला, कारण शंभरपट फरक खरा वाटेना. तो खराच आहे. या क्रियेत टाकी आणि नळी यांचं गुणोत्तर उरलेल्या भागाच्या व्यस्ताएवढं असतं. एक टक्का उरवायचा तर शंभरपट.

"मग टाकी हवीच कशाला?" ते म्हणाले. "जगातले सगळे सीएसटीआर भंगारात काढायचे का?"

मी सांगितलं की आमचं द्रावण इतकं पातळ होतं की उष्णतेचा प्रश्नच आला नाही. पण नायट्रेशनसारखी खूप उष्णता सोडणारी क्रिया असेल, तर नळीच्या सुरुवातीलाच सगळी उष्णता एका जागी निघेल आणि तापमान हाताबाहेर जाईल. टाकीत येणारा माल लगेच पातळ होतो, वेग मंदच राहतो, थंड पाणी खेळवणाऱ्या जॅकेट आणि कॉइलला उष्णता काढायला वेळ मिळतो. ज्या मंदपणामुळे आमचे ७२ झाले, तोच तिथे कामाला येतो. द्रावणात घन कण असतील, दोन न मिसळणारे द्रव असतील, तरी टाकीच हवी. आणि दोन्हीचा फायदा घ्यायचा तर तापणारा पहिला भाग टाकीत, शेवटचे टक्के नळीत.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "तुमचा तो डिप पाइप आहे का इथे? बघू."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. टाकी धुऊन कपाटात गेली होती, नळी कुठे ठेवली कोणालाच आठवेना. दाराशी उभे असलेले आबा आत आले. त्यांनी ड्रॉवर उघडला, कापसात गुंडाळलेला काचेचा तुकडा काढला आणि परीक्षकांच्या हातात दिला. वर निळ्या पेनने लिहिलेली चिठ्ठी अजून चिकटलेली होती: "वरचं टोक".